साठी आली म्हणून बुद्धी नाठत नाही

(निरगुडसर, ता. आंबेगाव, जि. पुणे येथे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांत सहज उच्चारली जाते. ती थट्टेने म्हटली जाते, त्राग्याने म्हटली जाते आणि कित्येकदा वृद्ध माणूस स्वतःच स्वतःबद्दल म्हणतो. म्हणीत पिढ्यांचा अनुभव साठवलेला असतो हे खरे. मात्र या एका म्हणीने दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून टाकल्या आहेत आणि त्याची किंमत असंख्य वृद्धांना मोजावी लागते.

घोड नदीच्या खोऱ्यातील या परिसरात असे एखादे आजोबा प्रत्येकाच्या पाहण्यात असतील. कोणत्या वावराला किती पाणी लागते, कोणत्या साली कांद्याला काय भाव आला होता, सोयरिकी कोठे कोठे झाल्या, हे सारे त्यांना मुखोद्गत असते. एके दिवशी ते मंचरच्या बाजाराला जातात आणि परतीची एसटी कोठे लागते हेच त्यांना आठवत नाही. जेवून तास उलटत नाही तोच 'मला कोणी वाढलेच नाही' अशी तक्रार करतात. घरची माणसे आधी हसतात, मग चिडतात आणि अखेर 'म्हातारचळ लागला' असे म्हणून मोकळी होतात. डॉक्टरांकडे नेण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही, कारण म्हणीने निदान आधीच करून ठेवलेले असते.

वयोमानाने मेंदूत होणारा बदल आणि व्याधीमुळे मेंदूचा होणारा नाश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आज विज्ञान निःसंदिग्धपणे सांगते. दोन्हींचे क्षेत्र मात्र एकच आहे. ते म्हणजे मेंदूतील पेशींना परस्परांशी जोडणारे अतिसूक्ष्म सांधे. हे सांधे कसे चालतात, कशाने झिजतात आणि कशाने तुटतात हे घरातील कर्त्या माणसांना ठाऊक झाले, तर पुष्कळ दुःख टळू शकते.

निरोप हातोहात

आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ या तालुक्यांनी मुंबईला डबेवाले दिले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकला. घरून उचललेला डबा एकच माणूस कचेरीपर्यंत नेत नाही. एक जण तो स्थानकावर आणतो. तेथे डब्यावरील खुणांनुसार वर्गवारी होते. दुसरा तो लोकलने नेतो, तिसरा उतरवून घेतो आणि शेवटचा तो जेवणाऱ्याच्या हाती देतो. या व्यवस्थेचा सारा भार डबा हात बदलतो त्या जागेवर असतो. ज्यांचे वडील वा आजोबा या कामात होते, त्यांना मेंदूचा कारभार समजावयास फार सायास पडणार नाहीत.

प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतील एकेक पेशी हजारो अन्य पेशींशी जोडलेली असते. मात्र या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोहोंच्या मध्ये एक फट असते आणि तिची रुंदी मिलिमीटरचा साधारण पन्नास हजारावा भाग इतकीच असते. विजेच्या रूपाने धावत आलेला संदेश या फटीपाशी थांबतो. तेथे रसायनाने भरलेल्या इवल्याशा पिशव्या रिकाम्या होतात, ते रसायन फट ओलांडते, पलीकडची पेशी त्याची खूण ओळखते आणि संदेश पुन्हा विजेच्या रूपाने पुढे निघतो. डब्याने हात बदलावा तसेच हे घडते, फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात.

या जागेला १८९७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 'सिनॅप्स' हे नाव दिले. मराठीत तिला चेतासंधी म्हणता येईल. अशी फट खरोखर असते की नाही, यावर त्या काळी मोठा वाद होता. स्पेनचे रामोन इ काहाल प्रत्येक पेशी स्वतंत्र मानीत, तर इटलीचे कामिल्लो गॉल्जी मेंदू हे एकच अखंड जाळे मानीत. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोन प्रतिपक्षांना विभागून देण्यात आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर १९५० च्या दशकात ती फट प्रत्यक्ष दिसली आणि काहालांचा पक्ष खरा ठरला.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के असते, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. तिचा मोठा वाटा या सांध्यांवरील देवघेवीतच खर्च होतो. रक्तपुरवठ्यात थोडीही तूट आली की सर्वांत आधी हे सांधे का कुरकुरतात, ते यावरून ध्यानात येईल.

वहिवाटीने मोठी होणारी वाट

चेतासंधी हा केवळ निरोप्या नव्हे. माणसाची स्मृतीही तेथेच वस्तीला असते. १९७३ साली ब्लिस आणि लोमो या शास्त्रज्ञांनी सशाच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगात असे दाखविले की, एखाद्या सांध्यावरून जलद गतीने वारंवार संदेश पाठविले, तर तो सांधा बळकट होतो आणि पुढे दीर्घ काळ बळकट राहतो. माळावर ज्या दिशेने माणसे रोज जातात, तेथे पायवाट पडते आणि वहिवाट थांबली की तीवर गवत उगवते. शिकणे, लक्षात ठेवणे आणि विसरणे यांचा शारीरिक पाया साधारण असाच आहे.

हा प्रयोग हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात झाला होता. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या बाजूस दोन्हीकडे असलेला हा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग म्हणजे नव्या आठवणींचे नोंदणी कार्यालय होय. लंडनमधील टॅक्सीचालकांना शहरातील हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. भारतात हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात वेदपाठी पंडितांच्या मेंदूंची छायाचित्रे घेण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१ पंडित होते. लहानपणापासून सहस्रावधी मंत्र बिनचूक मुखोद्गत करणाऱ्या या मंडळींच्या मेंदूत भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत इतरांहून अधिक घनता दिसून आली.

यावरून 'पाठांतर केले की स्मृतिभ्रंश होत नाही' असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. त्या अभ्यासाने तसे म्हटलेले नाही. प्रयत्नाने मेंदूची घडण बदलते, एवढे त्यातून दिसते, आणि हेही थोडे नाही. रोज सायंकाळी मंदिरात बसून हरिपाठ म्हणणारी, नवा अभंग चालीसह शिकणारी, चारचौघांत मिसळणारी व्यक्ती आपल्या मेंदूच्या वाटा वहिवाटीत ठेवीत असते.

वयाचा वाटा

मग वय झाल्यावर नेमके काय होते? म्हातारपणी मेंदूतील पेशी भराभर मरतात, अशी पूर्वी समजूत होती. निरोगी वार्धक्यात पेशींची हानी बेताचीच असते, हे आता स्पष्ट झाले आहे. बदल होतो तो मुख्यतः सांध्यांत. चेतापेशींच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात आणि त्यांवर हे सांधे बसलेले असतात. वृद्ध माकडांच्या मेंदूच्या अभ्यासात असे दिसले की, कपाळामागील भागातील नाजूक, सडपातळ उंचवटे मोठ्या प्रमाणावर कमी होतात, तर जाड आणि जुने उंचवटे बरेचसे टिकून राहतात. सडपातळ उंचवटे नवे शिकण्यासाठी उपयोगी पडतात आणि जाड उंचवटे पक्के झालेले ज्ञान सांभाळतात.

अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. सत्तरीच्या माणसाला नवा मोबाइल शिकावयास वेळ लागतो, एका वेळी दोन कामे सांगितली तर गोंधळ होतो, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते आणि दुपारी चहा घेताना अवचित आठवते. पण त्याचा शब्दसंग्रह, माणसांची पारख, व्यवहारातील तारतम्य हे सारे शाबूत असते. चावी कोठे ठेवली हे विसरणे वयाला शोभून दिसते. चावी हातात घेऊन ती कशासाठी असते हे न कळणे, रोजच्या रस्त्यावर चुकणे, आयुष्यभर केलेल्या आमटीत काय घालावयाचे हे न सुचणे, नोटांचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न पाच मिनिटांत पाच वेळा विचारणे ही वयाची खूण नव्हे. साठीचा त्याच्याशी संबंध एवढाच की, वय वाढते तसा या व्याधींचा धोका वाढतो.

व्याधीचा घाला

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात एक ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येत नव्हते. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या नोंदी बारकाईने ठेवल्या. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर चिकट पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांच्या गाठी त्यांना आढळल्या. पुढे पुंजक्यांतील द्रव्य अमायलॉइड आणि गाठींतील द्रव्य टाऊ म्हणून ओळखले गेले. स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत मोठ्या प्रकाराला आज त्यांचेच नाव आहे.

बराच काळ साऱ्यांचे लक्ष या पुंजक्यांवरच होते. १९९१ साली अमेरिकेतील रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. रुग्णाची बुद्धी किती ढळली होती याचे सर्वांत जवळचे नाते पुंजक्यांच्या संख्येशी नसून नष्ट झालेल्या सांध्यांच्या संख्येशी होते. अमायलॉइडचे पुंजके बनण्याआधीचे लहान, विरघळलेले कणच सांध्यावर बसून त्याचे काम बिघडवितात, असे पुढील संशोधनातून दिसून आले. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. बालपणी त्या अनावश्यक सांधे छाटून मेंदूला वळण देतात. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, या व्याधीच्या आरंभी त्याच पेशी चांगले सांधेही छाटू लागतात. रक्षकच घर मोडू लागावा, तशी ही अवस्था होय.

पुण्यात पाषाण येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजेच आयसरमध्ये, डॉ. सुहिता नाडकर्णी यांचा गट हिप्पोकॅम्पसमधील एकेका सांध्याची प्रतिकृती संगणकावर उभारून त्याचा अभ्यास करतो. रसायनाची पिशवी केव्हा रिकामी व्हावी हे कॅल्शियमचे कण ठरवितात. त्या कणांचा हिशेब कसा चालतो आणि रोगात तो कोठे चुकतो, हे असे गणित मांडून तपासता येते. ज्या सांध्याला सुई लावणेही दुरापास्त, तेथे गणित पोहोचते.

अल्झायमरचा घाला बहुधा हिप्पोकॅम्पसच्या परिसरावर प्रथम पडतो. नोंदणी कार्यालयच बंद पडल्यामुळे आज सकाळची गोष्ट मुळी नोंदलीच जात नाही. जुन्या आठवणी मात्र मेंदूच्या विस्तीर्ण पृष्ठभागावर ठिकठिकाणी मुरलेल्या असतात. म्हणून सकाळचा चहा विसरणारी आजी लग्नातील उखाणा घेते, जात्यावरच्या ओव्या गाते आणि हरिपाठ न अडखळता म्हणते. घरातील माणसांना वाटते, 'हिला हवे ते बरे आठवते, बाकी सोंग आहे.' ते सोंग नाही. व्याधीचा मार्गच तसा आहे. एवढी एक गोष्ट कळली, तरी पुष्कळ घरांतील रोजची बाचाबाची थांबेल.

स्मृतिभ्रंशाचा दुसरा मोठा प्रकार रक्तवाहिन्यांशी निगडित आहे. मेंदूतील एखादी वाहिनी तुंबली वा फुटली की तिच्या क्षेत्रातील सांधे काही मिनिटांत मरू लागतात. आपल्या वक्तृत्वाने संसद आणि मैदाने जिंकणारे माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना २००९ साली पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाणी बाधित झाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंतची त्यांची वर्षे सार्वजनिक जीवनापासून दूर गेली. ज्या शब्दांनी देश मोहून गेला, त्या शब्दांचीही वस्ती अखेर मेंदूतील सांध्यांवर आणि त्यांना पोसणाऱ्या रक्तावर असते. असे मोठे झटके दिसतात तरी. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे लहान लहान वाहिन्या गुपचूप बंद होत जातात आणि माणूस पायरी पायरीने खचतो, ते ध्यानातच येत नाही.

बरी होणारी विस्मृती

येथे कुटुंबीयांनी विशेष लक्ष द्यावे. विसरणाऱ्या प्रत्येक वृद्धाला अल्झायमरच असतो असे नाही. काही कारणे अशी आहेत की, वेळेवर ओळखली तर विस्मृती थांबते, कधी पूर्ण मागे हटते. थायरॉइडची कमतरता हे एक कारण. मनाचे औदासीन्य हे दुसरे. जोडीदार गेल्यानंतर गप्प झालेला वृद्ध 'विसराळू' वाटतो, पण त्याचे मन मिटलेले असते. झोपेच्या आणि इतर काही गोळ्या मेंदू मंदावतात. पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त काही आठवड्यांनी बुद्धीवर परिणाम करते आणि ते शस्त्रक्रियेने काढता येते. ऐकू कमी येणारा माणूस प्रश्नच न ऐकल्यामुळे भलते उत्तर देतो आणि त्याला वेड्यात काढले जाते.

आणखी एक कारण पुणे जिल्ह्याच्या अगदी जवळचे आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब-१२ जीवनसत्त्वाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. २००६ साली त्यांच्या गटाने ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. चेतातंतूंवरील आवरण टिकविण्यासाठी हे जीवनसत्त्व अत्यावश्यक असते आणि ते वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. दूध, दही, ताक यांतून ते काही प्रमाणात मिळते. शाकाहारी कुटुंबांनी शाकाहार सोडावा असा याचा अर्थ नाही. मात्र हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसर पडणे अशा तक्रारी असतील, तर रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांनी तर ती अवश्य करावी, कारण या गोळीने ब-१२ कमी होऊ शकते. कमतरता भरून काढणे स्वस्त आणि सोपे आहे. अर्थात कमतरता नसलेल्या अल्झायमरच्या रुग्णाला ब-१२ ची सुई देऊन तो बरा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खेड्यातील मोठा आकडा

स्मृतिभ्रंश हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, असा एक समज आहे. देशव्यापी पाहणीवर आधारलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश असावा. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आढळले. पुरुषांत ५.८ टक्के आणि स्त्रियांत ९ टक्के. शिक्षण ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात ते अधिक दिसले.

या आकड्यांमागे जुना अन्याय दडलेला आहे. आज सत्तरीच्या पुढे असलेल्या ग्रामीण स्त्रियांपैकी कित्येकींना शाळेचा उंबरठा ओलांडता आला नाही. बालपणीच्या शिक्षणाने मेंदूत सांध्यांची एक गंगाजळी तयार होते आणि पुढे व्याधी आली तरी तीवर काही वर्षे निभावून नेता येते. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांचे कार्य या दृष्टीनेही पाहावे. आज ज्या मुलीला बारावीनंतर घरी बसविले जाईल, तिच्या सत्तरीतील बुद्धीचे भांडवल आजच कमी केले जात आहे.

शिक्षण म्हणजे केवळ पुस्तक नव्हे. हैदराबादेतील निझाम वैद्यकीय संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत व्याधीची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती, असे त्यांना २०१३ साली आढळले. निरक्षर व्यक्तींतही हा फरक दिसला. मुंबईत आयुष्य काढून गावी परतलेला, मराठीबरोबर हिंदी-गुजराती सहज बोलणारा माणूस शाळेत फार शिकला नसेल, पण त्याच्याही गाठी काही पुंजी जमलेली असते.

जागतिक तज्ज्ञांच्या लॅन्सेट आयोगाने २०२४ साली असे मांडले की, सुधारता येण्याजोगी १४ कारणे आयुष्यभर सांभाळली, तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता वा लांबविता येऊ शकेल. अल्प शिक्षण, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील घातक मेद, स्थूलता, तंबाखूचे धूम्रपान, अतिरिक्त मद्यपान, बैठे जीवन, डोक्याला मार, औदासीन्य, एकाकीपणा आणि प्रदूषित हवा ही ती कारणे होत. यांपैकी बहुतेकांवर गावातच उपाय होऊ शकतो. रक्तदाब आणि साखर नियमित तपासणे, गोळी मध्येच न सोडणे, मोतीबिंदू वेळेवर काढणे, दुचाकीवर शिरस्त्राण घालणे यांसाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. श्रवणयंत्राची लाज वाटू नये. चष्म्याची वाटते काय?

एकाकीपणाचा मुद्दा मात्र पैशाने सुटणारा नाही. तरुण पिढी चाकण, भोसरी, मुंबईकडे कामाला जाते आणि मोठ्या वाड्यात दोन वृद्ध जीव दूरचित्रवाणीसमोर बसून राहतात. बोलणे हा मेंदूचा सर्वांत संपूर्ण व्यायाम आहे. समोरच्याचे ऐकणे, त्याचा भाव ओळखणे, शब्द शोधणे, उत्तर जुळविणे या सर्वांत असंख्य सांधे एकाच वेळी कामाला लागतात. नातवाने आजोबांशी रोज अर्धा तास मारलेल्या गप्पांची जागा कोणतीही गोळी घेऊ शकत नाही.

औषध आणि तारतम्य

औषधांबाबत सत्य सांगणे आवश्यक आहे. डोनेपेझिल हे औषध १९९६ पासून वापरात आहे. ते सांध्यावरील एक रसायन लवकर नष्ट होऊ देत नाही. त्यामुळे काही रुग्णांना काही काळ उतार पडतो, पण व्याधीची चाल थांबत नाही. अमायलॉइड काढून टाकणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ साली मान्य झाली. लेकानेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात ऱ्हासाची गती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. ही औषधे आरंभीच्या अवस्थेतच उपयोगी पडतात, महाग आहेत आणि मेंदूला सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांत असतो. वेळेवर निदान होणे का महत्त्वाचे, याचे हे आणखी एक कारण.

आयुर्वेदावर श्रद्धा असणाऱ्या घरांत अश्वगंधा आणि ब्राह्मी यांची चौकशी होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातच अश्वगंधेच्या अर्कावर झालेले संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. अल्झायमरसदृश व्याधी असलेल्या उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड या अर्काने कमी झाले आणि त्यांचे वर्तन सुधारले. ही गोष्ट उत्साहवर्धक आहे. परंतु उंदीर बरा झाला म्हणून माणूस बरा होतोच असे नाही. माणसांवरील पुरेशा चाचण्यांविना 'स्मृती परत आणणारे चूर्ण' म्हणून जे विकले जाते, त्याच्या मागे लागून तपासणी लांबविणे हा रुग्णावर अन्याय आहे आणि आयुर्वेदावरही.

घरचा आधार

मोहन आगाशे यांनी २०१३ सालच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृतच्या विद्वान प्राध्यापकाची भूमिका केली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात ते हत्तीच्या मागोमाग चालत जातात आणि हरवतात. माहुताची अल्पशिक्षित पत्नी त्यांना सांभाळते. ते कोण होते हे तिला ठाऊक नसते. समोर एक भुकेला, भांबावलेला जीव आहे, एवढे ती ओळखते आणि त्याला लेकरासारखे वागवते. मुलीला मात्र वडिलांचे जुने रूप विसरता येत नाही, म्हणून तिचे दुःख अधिक कठीण होते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

रुग्णाशी वाद घालू नये. 'आताच तर सांगितले' हे वाक्य त्याला काहीच शिकवीत नाही, फक्त अपमान तेवढा उरतो. प्रसंग विसरला जातो, पण दुखावल्याची भावना मागे राहते. दिनक्रम ठरलेला असावा, वस्तू ठरलेल्या जागी असाव्यात, खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. जमेल ते काम त्याच्या हाती राहू द्यावे. शेंगा सोलणे, फुले निवडणे, वाती वळणे यांसाठी लागणाऱ्या हाताच्या सवयी पुष्कळ काळ टिकतात.

आणि जी सून वा पत्नी रात्रंदिवस हे सारे करते, तिचाही विचार व्हावा. पितृऋणाची भाषा पुरुष बोलतात आणि ते फेडण्याचे कष्ट बहुधा घरातील एका स्त्रीच्या वाट्याला येतात, हे वास्तव मान्य केले पाहिजे. आठवड्यातून एक दिवस मुलाने, भावाने, शेजाऱ्याने तो भार उचलला, तर ती माऊली स्वतः आजारी पडणार नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे शासनाचे निःशुल्क क्रमांक आहेत. ते घरात लिहून ठेवावेत.

हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे जन्मलेल्या नानाजी देशमुख यांनी हयातीतच देहदानाचा संकल्प केला होता. २०१० साली चित्रकूट येथे त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा देह दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आला. मेंदूच्या सांध्यांविषयी आज जे ज्ञात आहे, त्याचा मोठा भाग अशाच दानातून मिळाला आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी कार्यरत आहे. ज्याच्या मनाला पटेल त्याने घरच्यांशी बोलून या दानाचा विचार करावा.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'स्मृतिभ्रंश' हा शब्द येतो. तेथे क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश आणि त्यापासून बुद्धिनाश अशी साखळी सांगितली आहे. ती संयम सुटलेल्या माणसाची साखळी आहे, रुग्णाची नव्हे. परंतु विसरणाऱ्या वृद्धावर जेव्हा घरातील धडधाकट माणूस संतापतो, तेव्हा त्या घरात स्मृती नक्की कोणाची ढळली, असा प्रश्न पडतो. ज्याने बोट धरून चालायला शिकविले, त्याला आज बोटाची गरज आहे, एवढे तरी धडधाकट माणसाने विसरू नये.

तेव्हा यापुढे घरातील कोणी वारंवार विसरू लागले, तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय मिटवू नका. त्यांना मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. रक्तदाब, साखर, थायरॉइड, ब-१२, कान आणि डोळे तपासून घ्या. कारण बरे होण्यासारखे निघाले, तर घरचा माणूस परत मिळेल. तसे न निघाले, तरी पुढील वाट कशी चालावयाची हे घराला वेळेत कळेल.